गोळ्यांचे वाटे

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुलू,

तुझं पत्र पोचलं. मरोळहून मुलुंडला यायला त्याने पाच दिवस घेतले. तू स्वतः निघाली असतीस तर जेवून, वामकुक्षी करून, माझ्याशी भांडून परतही गेली असतीस. पोस्टमनने ते हातात ठेवताना माझ्याकडे अशा सहानुभूतीने पाहिलं, की मला वाटलं कोर्टाचं समन्स आलं. आणि पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता बघून तुझ्या वहिनीने, कुंदाने, आधी विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नाही, हे तिला पटवून झालं. आता तू जे लिहिलंयस ते मला कळलं तसं परत मांडतो. जन्मभर मुलांकडून हेच करून घेतलं, आता माझी पाळी. चुकलो तर कान धर.

तुझ्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टर म्हणतात पार्किन्सन, पण अगदी सुरुवातीचा. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं म्हणे, म्हणून व्यायाम दिलाय: महिन्याला निदान एक पान हाताने, मोठ्या अक्षरात लिहायचं. फोनवर लिहिलेलं धरत नाहीत. लिहायचं तर समोर वाचणारा हवा, म्हणून तू मला निवडलंस, कारण तुझ्या शब्दांत मी "असाही रिकामाच". सख्ख्या मावशीच्या मुलीकडून हे प्रशस्तिपत्र मिळालं, धन्य झालो. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला हे ऐकायची सवय असते.

इथपर्यंत समजलं. पुढे मात्र माझा गोंधळ सुरू होतो. तू एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव दिलंयस. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. तुला काय मिळतंय हे तुला माहीत नाही. ठीक. पण डॉक्टरांनाही माहीत नाही? मी हे वाक्य तीनदा वाचलं. आजवर ज्या डॉक्टरांना काही माहीत नव्हतं त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. हे आधीच लिहून देतात. मी याला 'उभयांध चाचणी' असं नाव दिलंय. तुला आवडलं नाही तरी चालेल.

आम्हाला संशय म्हणजे काय हे शिकवताना गुरुजी एकच चित्र उभं करायचे. संध्याकाळची वेळ, लांबवर काहीतरी ताठ उभं आहे. तो खांब की माणूस? तुझी गोळी म्हणजे हुबेहूब तेच. फरक इतकाच, की जवळ जाऊन बघायला मनाई आहे.

थट्टा पुरे. तुझ्या कामाचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. खडे बसवायचं काम आणि उजवा हात. ते आधी लिही.

तुझा,
सुबोध

—

मरोळ, अंधेरी पूर्व,
२७ जानेवारी

सुबोध,

पंडित, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि राजेशला एकदा वाचून दाखवलं. तो बोलला, "तुझा भाऊ विचारतो काय आणि सांगतो काय, काय कळत नाय." तेव्हा नवरा-बायकोत आमचं एकमत झालं. असं फार वेळा होत नाही.

कामाचं विचारलंस ना, तर ऐक. गेल्या गणपतीनंतर एका अंगठीत हिरा बसवत होते. चिमटा हलला आणि खडा उडाला. एवढासा, जिऱ्यापेक्षा बारीक. सगळ्या पोरींनी फरशी पुसून काढली, केरसुणी झाडली, माझ्या केसांतसुद्धा बघितलं. नाही मिळाला. सुपरवायझर काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला बसवलं. एकोणीस वर्षं त्या भिंगाखाली बसले रे मी, आणि आता डब्यांवर स्टिकर लावते. तो बोलला, पावसाळ्यात दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतील तेव्हा हात बघू. म्हणजे माझ्याकडे तेवढाच वेळ आहे. म्हणून नाव दिलं मी त्या चाचणीत. आजार थांबवणारं औषध शोधतायत बोलले. थांबला तर तिथेच थांबू दे, हात गेल्यावर थांबून काय करू?

हॉस्पिटलात दर महिन्याला जायचं. तिथे नमिता म्हणून एक मॅडम आहे, तिशीची असेल. सगळं तीच बघते. बोटं आपटायला लावते, चालायला लावते, रक्त घेते, आणि गोळ्यांची बाटली देते. एवढ्या प्रेमाने विचारते की खोटं बोलवत नाही.

आणि बाकड्यावर मला एक मैत्रीण मिळाली. सखुबाई. वेसाव्याची कोळीण, साठीची असेल, आपल्या मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकते. इतकी वर्षं मी तिच्या समोरून जात होते आणि ओळख झाली ती हॉस्पिटलात. तिचा डावा हात थरथरतो. पण तिचं खरं दुःख वेगळंच. तिला वास येत नाही. सुकटीच्या ढिगात बसून वास नाही! बोलते, "मना वाटला मासलीच खराब येते हल्ली."

तिचीपण तीच चाचणी, तशीच बाटली, तशाच पांढऱ्या गोळ्या.

तुला एक विचारायचं होतं. तू वाचतोस ना बरंच. औषध अर्धं घेतलं तर गुण अर्धा येतो का, का अजिबात येत नाही? सहज विचारते.

पान भरलं.

सुलू

—

मुलुंड,
३ फेब्रुवारी

प्रिय सुलू,

"सहज विचारते" हे शब्द तू शाळेत असताना माझ्याकडून गृहपाठ उतरवून घेण्याआधी वापरायचीस. तेव्हा मला काय ते कळलं. तू गोळ्या पुरवून पुरवून खातेस. एक दिवस घ्यायची, एक दिवस ठेवायची, पुढे लागतील म्हणून. आपल्या दोघांच्या आया अशाच होत्या. नवी साडी ट्रंकेत आणि जुनी अंगावर. पण गोळी म्हणजे साडी नव्हे बये. पूर्ण घे. अर्ध्या औषधाचा अर्धा गुण येतो की नाही हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही हे मी डॉक्टरांसारखं आधीच लिहून देतो.

तुझ्यामुळे मी हल्ली पेपरातलं आरोग्याचं पान वाचतो. त्याने माझी मती पूर्ण गुंग झाली आहे. सोमवारी वाचलं की कॉफी पिणाऱ्यांना हा आजार कमी होतो. गुरुवारी वाचलं की त्याचं मूळ मेंदूत नसून आतड्यात असू शकतं, तिथले जंतू बिघडतात. मग रविवारी एका शास्त्रज्ञाने सांगितलं की याबद्दल घाईने काही बोलू नये. हेच तो सोमवारी बोलला असता तर माझा आठवडा वाचला असता. मी कॉफी सुरू केली होती, ती आतड्यासाठी थांबवली, आता रविवारच्या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून चहा पितो.

पण एक गोष्ट उपयोगाची सापडली. या आजारात हात कापायच्या कित्येक वर्षं आधी वास जातो. तेव्हा तुझ्या सखुबाईला सांग, मासळी खराब येत नव्हती, बिचारीच्या नाकानेच आधी रजा टाकली होती.

आता खरी बातमी, आणि ती मी देतोय. माझ्यासमोर तुझी दोन्ही पत्रं आहेत. पहिल्यातलं अक्षर मुंगीसारखं. दुसऱ्यातलं टपोरं, सरळ, एका मापाचं! सुलू, यालाच आम्ही अनुमान म्हणतो. डोंगरावर धूर दिसला की वर न चढताही आग कळते. अक्षर सुधारलं, म्हणजे हात सुधारला, म्हणजे गोळी खरी. उभयांध चाचणी मी मुलुंडमध्ये बसून, चष्मा पुसून सोडवली. नमिताबाईंना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. कुंदाला मी पेढे आणायला पाठवलं, ती म्हणाली आधी तुमच्या अनुमानाला चार दिवस होऊ द्या.

तुझा,
सुबोध

—

मरोळ,
२४ फेब्रुवारी

सुबोध,

पेढे खाल्ले असशील तर आता पाणी पी. अक्षर टपोरं आलं कारण मी दुरेघी वही आणली. पहिलीतल्या पोरांची असते ना, दोन रेघांची, तिच्यात लिहिते. तुझ्या डोंगरावर धूर नाही रे, स्टेशनरीचं दुकान आहे.

पण मी हसले आणि मग रडले. कारण तू इतका खूश झालास, आणि मी तुला खरं सांगितलंच नाही. गोळ्या पुरवून नाही खात मी. त्याच्यापेक्षा वाईट केलंय. का चांगलं, ते मलाच कळत नाही.

डिसेंबरात बाटल्या घेऊन आम्ही दोघी हॉस्पिटलातून निघालो. सखुबाई बोलली, चल माझ्या जागेवर, चहा घेऊ. तिथे गप्पा मारता मारता मी बोलले, आपल्यातल्या एकीला खरी आणि एकीला खोटी असेल तर? ती बोलली, असेलच. मी बोलले, मग ती कोण? तिने माझ्या हातातली बाटली घेतली, स्वतःची घेतली, स्टीलचं ताट स्वच्छ पुसलं आणि दोन्ही बाटल्या त्याच्यात उपड्या केल्या. मी ओरडले, "अगं सखुबाई, काय करतेस!" तोवर तिने हाताने सगळ्या मिसळल्यासुद्धा. मग जसे मासळीचे वाटे घालतात ना, एक इकडे, एक तिकडे, तसे तिने दोन वाटे घातले. एक माझ्या बाटलीत, एक तिच्या. बोलली, "होडी आली का सगल्यांचा वाटा व्हते. एकीच्याच ताटान कशी जाईल?"

आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. निदान अर्धी तरी खरी पोटात जाईल. तेव्हापासून दर महिन्याला आम्ही तेच करतो.

आणि ऐक, गुण येतोय! मागच्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली बसून एक मोठा खडा बसवून बघितला. बसला. सखुबाई तर बोलली, तिला सुकटीचा वास आला. नमिता मॅडम बोटं आपटताना बघून इतकी खूश होते, की मला तिच्याकडे बघवत नाही.

तू म्हणशील सांग. सांगितलं तर दोघींना काढतील. मग माझा हात? कुणाला बोलू नकोस. राजेशलापण माहीत नाही.

सुलू

—

मुलुंड,
१ मार्च

प्रिय सुलू,

पत्र वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कुंदाने विचारलं काय झालं. म्हटलं, माझ्या अनुमानाची दुरेघी वही झाली.

तुझ्यावर रागावू की सखुबाईंना नमस्कार करू, हे मला दोन दिवसांत ठरवता आलेलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो, मग तू ठरव.

सखुबाईंनी केलं त्यात अन्याय कुठेच नाही. जगात एवढ्या सभा, समित्या आणि करार झाले, पण वाटणीचा प्रश्न कोणी इतक्या थोड्या वेळात, एका ताटात सोडवला असेल असं मला वाटत नाही. मात्र एक सांगतो. मिसळून वाटल्यावर दोघींच्या पदरात बरोबर अर्ध्या खऱ्या पडतील, असंही नाही. कधी तुला जास्त, कधी तिला. एखाद्या आठवड्यात लागोपाठ पोकळच.

आता दुसरी बाजू. मी कागदावर मांडून बघत होतो. समजा तुझी बाटली खरी, तिची पोकळ. किंवा उलट. किंवा दोन्ही खऱ्या, म्हणजे तुम्ही उगाच मिसळल्यात. किंवा दोन्ही पोकळ, आणि तुमच्या दोघींच्या हाताला आणि नाकाला आलेला गुण हा नुसता आशेचा. हसू नकोस, या आजारात नुसत्या आशेनेही हात काही काळ सुधारतो, असं मी वाचलंय, आणि त्या दिवशी रविवार नव्हता. मी चारही रकाने भरले आणि मला आधी होतं त्याहून कमी कळायला लागलं.

एवढं मात्र कळलं. ते लोक दोन गटांची तुलना करून बघणार. खरीवाले सुधारले का, पोकळवाले तसेच राहिले का. तुम्ही दोघींनी मिळून खरीवालीला कमी सुधारवलं आणि पोकळवालीला उगाच सुधारवलं. औषध खरंच गुणकारी असेल, तर तुमच्या ताटामुळे ते थोडं कमी गुणकारी दिसेल. आपल्यानंतर ज्यांचे हात कापायला लागतील, त्यांच्या वाटणीचं काय?

तेव्हा माझं मत, सांगून टाक. मला ठाऊक आहे, हात माझा नाही, तुझा आहे. म्हणून मत म्हणूनच लिहितो, आज्ञा म्हणून नाही. तू आज्ञा ऐकल्याचं मला आठवतही नाही.

एक शंका राहिली. सखुबाईंना सुकटीचा वास आला तो वाटे घालायच्या आधी की नंतर? अनुमान करायचं तर क्रम लागतो. या वेळी चष्मा नीट पुसून बसलो आहे.

तुझा,
सुबोध

—

मुलुंड,
२९ मार्च

सुलू,

तुझं पान चार आठवडे आलं नाही. रागावली असशील तर रागाचं पान लिही, व्यायाम म्हणून तेही धरतील. फोन केला तर राजेश म्हणाला, "बरी आहे, पण बोलत नाही." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं की बातमी म्हणून, ते कळलं नाही.

सुबोध

—

मरोळ,
९ एप्रिल

सुबोध,

रागावले नव्हते. वाट लागली होती.

मार्चच्या तारखेला हॉस्पिटलात गेलो तर नमिता मॅडमचा चेहरा उतरलेला. नेहमी दारातून हाक मारते, त्या दिवशी खाली मान. शेवटी मीच विचारलं. पहिल्यांदा बोलली काही नाही. मग डोळे भरून आले तिचे. आमचं रक्त घेतात ते बाहेर कुठेतरी तपासायला जातं. तिथून वर कळवलं, की इथल्या एका पोकळ गोळीवाल्याच्या रक्तात औषध सापडलं. कोण ते हिला सांगत नाहीत. पण बाटल्या देण्याचं काम हिचं, म्हणून हिनेच बाटल्यांची अदलाबदल केली असं धरून चाललेत. चौकशी बसली. एक साहेब येणार, आणि तोवर हिने कुणाला बाटली द्यायची नाही. बोलली, "सुलक्षणाताई, मी शंभर वेळा आठवून बघितलं हो, माझं कुठे चुकलं तेच सापडत नाहीये."

मी सखुबाईकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

बाहेर आलो. रिक्षात मला तुझं पत्र आठवत होतं आणि माझा हातपण आठवत होता. तुला खोटं कशाला सांगू, मी मनात म्हणत होते, हिला ओरडतील, फार तर बदली करतील, तरुण आहे, मिळेल दुसरं. माझं वय बघ. असं पंधरा दिवस मनाला सांगितलं मी. म्हणून पान लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

मग सखुबाई स्वतः माझ्या घरी आली. कधी येत नाही. दारातच बोलली, "चल गो. ती पोरगी रडते आपल्यापायी." मी बोलले, अगं काढतील आपल्याला. ती बोलली, "काढू दे. चपला घाल."

गेलो. साहेब बसलेला, नमिता मॅडम बसलेली. सखुबाईने पिशवीतून ते स्टीलचं ताट काढून टेबलावर ठेवलं. खरंच आणलं होतं रे तिने! आणि हातवारे करून सगळं दाखवलं, एक इकडे, एक तिकडे. साहेब तोंड उघडं ठेवून बघत होता. त्याने विचारलं, "पण का?" सखुबाई बोलली, "का म्हंजे? दोगी एकाच बाकड्यावर बसतो ना!" साहेबाने ते लिहून घेतलं का नाही माहीत नाही.

दोघींना काढलं. लगेच. नमिता मॅडमवरचं बालंट गेलं, तरी बोलणी खावी लागली, पेशंटवर लक्ष नाही म्हणून. ती आमच्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिने मला मिठी मारली आणि मग ओरडली. चांगली ओरडली.

एवढं कळलं, की आमच्यातली एक बाटली खरी होती आणि एक खोटी. कुणाची कुठली, ते सगळी चाचणी संपल्यावर सांगतील. दोन वर्षं तरी लागतील.

तुझ्या शंका आता बाजूला ठेव. मला झोप येत नाही. माझी खरी असेल तर मी माझा अर्धा हात देऊन टाकला. खोटी असेल तर मी तिचं खाल्लं. कुठल्या बाजूने रडायचं तेच समजत नाही.

सुलू

—

मुलुंड,
१५ एप्रिल

प्रिय सुलू,

ताट टेबलावर ठेवल्याचं वाचून मी मोठ्याने हसलो. तुम्ही दोघी तिथे गेलात. पंधरा दिवस उशिरा गेलात, पण गेलात. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्या दिवशी पूर्वपक्ष मांडला असता, दुसऱ्या दिवशी उत्तरपक्ष, आणि तोवर नमिताबाईंची नोकरी गेली असती.

कुठल्या बाजूने रडायचं हे मलाही ठरवता येत नाही. चार रकान्यांतले दोन खोडले गेले आणि उरलेले दोन आधीच्या चारांपेक्षा जड झालेत. माझी विद्या इथे संपते. आता मी फक्त मावसभाऊ.

तेव्हा मावसभाऊ म्हणून: नेहमीची औषधं लगेच सुरू कर. कित्येक वर्षांपासून जगभर देतात, ती काही खांब-माणूस नाहीत, त्यांनी हात सुधारतो हे माहीत आहे. आजार थांबत नाही, पण हात चालतो. चाचणीसाठी तू ती लांबवली होतीस, आता लांबवायचं कारण नाही. आणि पान सोडू नकोस. एक ओळ लिहिलीस तरी चालेल. कुंदा म्हणते, "तिची पत्रं आल्यापासून तुम्ही घरात बोलायला लागलात." हेही मी तुला तक्रार म्हणून कळवतो की बातमी म्हणून, ते तू ठरव.

ती शंका मागे घेतो. क्रम कळून आता काय करायचंय?

तुझा,
सुबोध

—

मरोळ,
२० जुलै

सुबोध,

एवढे दिवस पान लिहिलं नाही कारण काम होतं. हो, काम! ऑर्डरी सुरू झाल्या. नेहमीच्या गोळ्या घेते, सकाळी हात चांगला असतो. सुपरवायझरने भिंगाखाली बसवून बघितलं. बोलला, मोठे खडे तुझे, बारीक पोरींना दे, आणि दुपारनंतर पॅकिंग. एकोणीस वर्षांनंतर अर्धा दिवस मिळाला. मी घेतला. आता अर्ध्याची सवय झालीय मला.

सखुबाई बरी आहे. तिच्याही गोळ्या सुरू झाल्या. परवा संध्याकाळी तिच्याकडे गेले तर नमिता मॅडम तिथे उभी, जवळा घेत होती. दुसऱ्या कुठल्यातरी आजाराच्या कामावर घातलंय तिला. खूप वेळ बोललो. सखुबाईच्या वासाचं निघालं, तर मॅडम बोलली की गेलेला वास औषधाने सहसा परत येत नाही, तिला वाटलं असेल नुसतं. सखुबाई हसली, वाद घातला नाही. मॅडमला वर चार बोंबील टाकले आणि वाटेला लावलं.

मग तुझी ती मागे घेतलेली शंका माझ्या तोंडून निघाली. मी विचारलं, सखुबाई, वास आला तो वाटे घातल्यावर ना?

ती बोलली, "नाय. आधी."

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. परत विचारलं.

"आधी गो. पयल्याच म्हयन्यान. बाटली चालू झाली न एक दिवस सकाली टोपली उघडली, न असा भपकन वास आला. मी रडली."

मी बोलले, मग तुला वाटलं असेल की तुझीच बाटली खरी.

"वाटला कशाला? मना ठाव होता."

मी बोलले, अगं बये, ठाऊक होतं, तर मिसळल्यास कशाला? तेव्हा तर आपली ओळख महिन्याची!

ती बोंबील निवडत होती. मान वर न करता बोलली, "तुजा हात कामाचा. माज्या नाकाला वास आला काय न नाय आला काय, गिऱ्हाईक त्याच्या नाकानं घेते."

आणि पुढच्या बाईला विचारलं, "वाटा देऊ?"

आता मॅडमचं खरं असेल तर तिला वास आलाच नव्हता, नुसतं वाटलं. म्हणजे तिची बाटली खरी होती असं काही नाही. माझीही असेल. दोन वर्षांनी कळेल, तेव्हा कळू दे. तुझ्या रकान्यांत काय भरायचं ते भर, मला त्याचं आता काही नाही.

पण तुझा तो संध्याकाळचा खांब, लांबून दिसणारा. मी जवळ जाऊन बघितला. माणूस होता.

पान भरलं. ही ओळ उलट बाजूला, रेघांशिवाय लिहिते आहे. बघ, वाचता येते का.

सुलू